हातानं शिवलेल्या बाहुलीला आयएसआय मार्क लागतो का? आकुर्डीच्या घरातून इन्स्टाग्रामवर जाणाऱ्या नऊवारी बाहुलीची गोष्ट

फूटभर उंचीची कापडी बाहुली. अंगात हिरवी इरकली नऊवारी, कासोटा मागे नीट खोचलेला, नाकात मोत्याची नथ, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर मण्याएवढं तुळशी वृंदावन. शेजारी फेटा बांधलेला विठोबाचा वारकरी, हातात टाळ. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघून आकुर्डीत मुक्कामाला येते. त्या दिवसांत पिंपरी-चिंचवडमधल्या मोबाईलवर अशी एखादी जोडी रीलमधून समोर आली, तर थांबून बघणारे पुष्कळ असतात. खाली कमेंटही ठरलेल्या असतात. पहिली, 'किंमत?' दुसरी, 'एवढी महाग?' आणि तिसरी क्वचित एखाद्याचीच, 'माझ्या दोन वर्षांच्या मुलीसाठी चालेल का?'

पहिल्या दोन कमेंटना उत्तर देता येतं. बाहुली करणाऱ्या बाईला अडचणीत आणू शकते ती तिसरी. कारण तिला 'हो, चालेल' असं उत्तर दिलं की ती शोभेची वस्तू राहत नाही, खेळणं होते. आणि भारतात खेळणं विकायचं तर १ जानेवारी २०२१ पासून त्यावर आयएसआय मार्क असणं सक्तीचं आहे.

हा नियम कारखान्यांपुरता आहे की घरी शिवलेल्या बाहुलीलाही लागू होतो? सूट कुणाला मिळते? आणि ज्या बारीक कामामुळे ही बाहुली प्लॅस्टिकच्या बाहुलीपेक्षा वेगळी दिसते, नेमकं तेच तिच्या आड कसं येतं?

नियम आला कुठून?

काही वर्षांपूर्वी भारतातल्या बाजारात खेळणी म्हणजे बहुतांशी चिनी खेळणी, असंच चित्र होतं. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेनं दिल्ली आणि आसपासच्या बाजारातून १२१ नमुने घेतले. त्यातली सुमारे ६७ टक्के आयात खेळणी सुरक्षेच्या चाचणीत नापास झाली. त्यानंतर केंद्र सरकारनं दोन बाजूंनी पावलं उचलली. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून थेट ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेलं. दुसरीकडे खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढण्यात आला. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी बनवलेली कोणतीही वस्तू भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याशिवाय आणि मानक चिन्हाशिवाय विकता येणार नाही, असं हा आदेश सांगतो.

आकड्यांमध्ये परिणाम दिसला. सरकारी माहितीनुसार २०१४-१५ मध्ये देशात सुमारे ३३.२६ कोटी डॉलरची खेळणी आयात झाली होती. २०२२-२३ मध्ये हा आकडा १५.८७ कोटी डॉलरवर आला. याच काळात निर्यात ९.६२ कोटी डॉलरवरून ३२.५७ कोटी डॉलरवर गेली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात खेळण्यांसाठीच्या राष्ट्रीय कृती आराखड्याच्या आधारे भारताला खेळण्यांचं जागतिक केंद्र बनवण्याची योजना जाहीर झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक नसलेल्या खेळण्यांवरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

पण आदेशाच्या मूळ मसुद्यात कारखाना आणि घरचं शिलाई मशीन असा फरकच नव्हता. देशभरातल्या लाकडी, मातीच्या, कापडी खेळण्यांच्या कारागिरांची त्यामुळे अडचण होणार, हे उघड होतं. म्हणून नियम लागू होण्याच्या तोंडावर, डिसेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या आणि विकलेल्या वस्तूंना आदेशातून वगळण्यात आलं. भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांच्या अधिकृत उत्पादकांनाही ही सूट मिळाली. कर्नाटकातली चन्नपट्टणची लाकडी खेळणी हे त्याचं सहज आठवणारं उदाहरण.

पिंपरी-चिंचवडच्या कापडी बाहुलीला असं कोणतंही भौगोलिक मानांकन नाही. तिच्यासाठी उरतो तो पहिला रस्ता, कारागीर नोंदणीचा.

तीन कागद आणि त्यांची गल्लत

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. घरून व्यवसाय करणाऱ्या अनेकींकडे 'उद्यम' नोंदणी असते. ती ऑनलाइन होते, फुकट होते, बँकेत उपयोगी पडते. पण ती सूक्ष्म उद्योगाची ओळख आहे. खेळण्यांच्या आदेशातून सूट देणारा कागद ती नाही.

दुसरा कागद पीएम विश्वकर्मा योजनेचा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यात 'बाहुली आणि खेळणी बनवणारे (पारंपरिक)' हा एक व्यवसाय आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाखापर्यंत, नंतर २ लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज, असे त्याचे लाभ आहेत. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. घरातलं कुणी सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही. कंपनीत कामाला असेल तर ती अडचण नाही, आणि या पट्ट्यात ते महत्त्वाचं आहे. मात्र खेळण्यांच्या आदेशातली सूट या प्रमाणपत्राच्या नावानं लिहिलेली नाही.

तिसरा कागद म्हणजे हस्तकला कारागिराचं ओळखपत्र, ज्याला 'पहचान कार्ड' म्हणतात. हे विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडून मिळतं आणि आदेशातल्या सवलतीचा धागा याच नोंदणीशी बांधलेला आहे. कपाटात आधीचे दोन्ही कागद आहेत आणि तिसरा नाही, तर कायद्याच्या दृष्टीनं बाहुलीवाली बाई आणि परवाना नसलेला कारखाना एकाच रांगेत उभे राहतात.

रांगेत उभं राहणं स्वस्त नाही. मानक ब्युरोच्या २०१६ च्या मूळ कायद्यात अशा पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख रुपये दंड आणि पुढच्या गुन्ह्यासाठी किमान ५ लाख रुपये दंड ठेवलेला आहे. घरी बाहुल्या शिवणाऱ्या कुणाच्या दारात उद्या धाड येईल, असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. आजवरच्या कारवायांचा रोख मोठी दुकानं, मॉल, विमानतळावरचे स्टॉल आणि ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांकडे राहिला आहे. पण मोठं दुकान किंवा ऑनलाइन कंपनी माल ठेवण्याआधी कागद मागते. धाड न येताही धंदा तिथेच अडतो.

आणखी एक मेख आहे. सूट आहे ती नोंदणीकृत कारागिरानं 'बनवलेल्या आणि विकलेल्या' वस्तूंना. आता बचत गटाचं काम कसं चालतं ते बघा. एक जण बाहुलीचं अंग शिवते, दुसरी चेहरा भरते, तिसरी साड्या नेसवते, आणि पवनाथडी जत्रेत किंवा भीमथडीत स्टॉलवर चौथीच बसते. कार्ड फक्त अध्यक्षबाईंकडे. शब्दांचा सरळ अर्थ घेतला, तर ही सवलत गटाला नाही, माणसाला आहे. त्यामुळे गटातल्या प्रत्येकीनं स्वतःचं कार्ड काढणं हाच त्यातल्या त्यात भक्कम उपाय. अध्यक्षबाईंच्या एका कार्डावर वीस जणींचं काम निभावून न्यायची सवय अनेक गटांना असते. इथे ती महागात पडू शकते.

नथ, माळ आणि नऊ किलोचं वजन

कागद मिळाला म्हणजे बाहुली सुरक्षित झाली असं नाही. कार्डामुळे चाचणीची सक्ती जाते, धोका जात नाही. कमेंटमधल्या त्या दोन वर्षांच्या मुलीला कार्डाशी काही घेणंदेणं नसतं. ती नथ तोंडात घालणार.

खेळण्यांच्या सुरक्षेचं भारतीय मानक म्हणजे आयएस ९८७३. त्याचा पहिला भाग आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेला आहे आणि त्यातली मुख्य चाचणी समजायला फार सोपी आहे. एक लहान नळकांडं असतं, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित रुंद. लहान बाळाच्या घशाचा तो अंदाज. तीन वर्षांखालच्या मुलासाठीच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग त्यात पूर्ण बसला, तर ते खेळणं नापास.

भाग सुटा नसेल, शिवलेला असेल, तर तो ओढून बघतात. बटणाचा डोळा, मणी, नथ अशा गोष्टी चिमटीत पकडून साधारण ९० न्यूटन जोर लावतात आणि दहा सेकंद धरून ठेवतात. नऊ किलोंचं वजन टांगल्यावर जेवढा ताण येईल, तेवढा हा जोर. अगदी बारीक, ६ मिलिमीटरपर्यंतच्या भागाला जोर कमी, ५० न्यूटन. दुहेरी दोऱ्यानं दोन टाके मारून लावलेलं बटण यात टिकेल का, हे घरी कुणीही ताणकाट्याला अडकवून बघू शकतं. पुष्कळदा दोरा टिकतो आणि कापड फाटतं. म्हणून अनुभवी हात डोळ्यामागे आतून कापडाचा दुसरा थर देतात. त्याहून शहाणे हात बटण लावतच नाहीत, डोळे भरतकामानं करतात. चेहरा जास्त जिवंतही दिसतो. एका डोळ्याच्या कडेला अर्धा टाका वर घेतला की बाहुली खट्याळ, खाली घेतला की झोपाळू.

मानकाचा दुसरा भाग आगीचा. लोकरीचे लांब केस, मऊ भरण असलेलं अंग, नायलॉनची जरी पेटली तर किती वेगानं जळते ते तपासतात. पुढच्या भागांमध्ये शिसं आणि इतर घातक धातूंचं प्रमाण, प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट रसायनं वगैरे येतात. बाजारातला सोनेरी रंगाचा स्वस्त मणी कशाचा आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रविवार पेठेत बोहरी आळीत किलोवर मिळणाऱ्या मण्यांबरोबर कुणी रसायनांचा अहवाल देत नाही.

चाकण, भोसरी, निगडीच्या घरांना ही भाषा परकी नाही, ही यातली गंमत. याच घरांमधली माणसं गाड्यांच्या सीटबेल्टची, सीट कव्हरच्या शिलाईची, वायरिंगच्या जोडाची ओढून-ताणून तपासणी करतात आणि शिफ्ट संपताना तक्ता भरतात. शिलाई कारखान्यांत सुई मोडली की तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत काम थांबवतात आणि वहीत नोंद करतात. बाहुलीच्या पोटात राहिलेली टाचणी शोधण्यासाठी घरी असा नियम कुणी पाळत नाही. तो पाळायला एक वही आणि एक लोहचुंबक पुरतं.

मग 'शोभेची वस्तू' म्हणून का नाही विकायची?

हा उपाय बऱ्याच जणी सुचवतात. लाकडी पाटावर उभी केलेली, काचेच्या पेटीत ठेवायची वारकरी जोडी हे मुलांचं खेळणं नाही, हे उघड आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या खेळणी निर्देशात ते स्पष्टच लिहिलेलं आहे. संग्राहकांसाठीच्या लोकपरंपरेतल्या आणि शोभेच्या बाहुल्या खेळण्यांत मोडत नाहीत, मात्र '१४ वर्षांवरील संग्राहकांसाठी' असं त्यावर ठळक लिहिलेलं हवं. भारतीय आदेशातली व्याख्याही वस्तू कुणासाठी बनवली आहे यावरच उभी आहे.

पण लेबल लावून वस्तूचा स्वभाव बदलत नाही. मऊ, गुबगुबीत, कुशीत घेण्याजोगी बाहुली तान्ह्या मुलांसाठीच आहे असं तपासणारे धरून चालतात, लेबल काहीही म्हणो. आणि तुमचं इन्स्टाग्राम तुमच्याविरुद्ध साक्ष देऊ शकतं. बाहुलीला मिठी मारलेल्या लेकीचा फोटो, खाली 'बारशाला, पहिल्या वाढदिवसाला द्या' ही ओळ, आणि पाकिटावर '१४ वर्षांवरील' असा शिक्का, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

मग मार्ग उरतो दोन वेगळ्या बाहुल्या करण्याचा. लहान मुलांसाठीची वेगळी: भरतकामाचा चेहरा, शिवून पक्के केलेले कपडे, दागिने रंगीत दोऱ्याचे, धुता येईल अशी. आणि मोठ्यांसाठीची वेगळी: नथ, माळ, टाळ, वृंदावन सगळं असलेली. अडचण अशी की रीलवर चालते ती दुसरी आणि ऑर्डर देणारी आई मागते ती 'डिट्टो तशीच, पण मुलीसाठी'.

बाहुलीची नऊवारी आणि आठ तासांचं गणित

किंमतीच्या कमेंटकडे परत येऊ. आधी साडी. नऊवारीची लांबी साधारण ८.२ मीटर. पाच फुटांच्या बाईच्या जागी एक फुटाची बाहुली धरली तर प्रमाण एकास पाच. म्हणजे बाहुलीची खरी नऊवारी १.६४ मीटर लांब आणि २३ सेंटिमीटर पन्ह्याची हवी. हिशोब बरोबर, पण अशी साडी नेसवून बघितली की बाहुली गर्भार दिसते. कारण लांबी-रुंदी पाचपट लहान होते, कापडाची जाडी होत नाही. निऱ्यांचा गठ्ठा तेवढाच फुगतो. म्हणून लांबी निम्म्यावर आणायची, निऱ्या आधीच इस्त्री करून टाचायच्या आणि कासोट्याची पट्टी वेगळी शिवून जोडायची. काठाचंही तसंच. खऱ्या पैठणीचा काठ बाहुलीच्या गुडघ्यापर्यंत येतो, म्हणून ब्लाउजपीसचा किंवा खणाचा अरुंद काठ शोधावा लागतो. शिंप्याकडच्या चिंध्या फुकट मिळतात हे खरं, पण त्या ढिगात योग्य प्रमाणाची बुट्टी असलेला तुकडा शोधायला अर्धा दिवस जातो. तो वेळ किंमतीत कुणी धरत नाही.

आता पैसे. समजा, अंग कापून, शिवून, उलटून, भरायला दोन तास, चेहऱ्याला दीड, केसांना एक, कपडे-दागिन्यांना साडेतीन. एकूण आठ. तासाला ६० रुपये धरले तर मजुरी ४८०. कापड, भरण, लोकर, मणी मिळून १८०. खोका आणि कुरिअर ९०. झाले ७५०. बाहुली ८०० ला विकली तर शिल्लक ५० रुपये. त्यातून जत्रेतल्या स्टॉलचा खर्च, बिघडलेल्या बाहुल्या आणि 'आवडली नाही, परत घ्या' हे सगळं भागवायचं. तासाला ६० हा दर कुणाला जास्त वाटत असेल तर त्यानं आपल्या घरच्या धुण्याभांड्याच्या मावशींना तासाचे किती देतो, ते आठवून बघावं.

दहा बाहुल्यांची अंगं एकदम कापली, एकदम शिवली तर वेळ वाचतो. चेहऱ्याचा वाचत नाही. म्हणजे बाहुलीला 'स्वभाव' जिथून येतो तिथेच यंत्राचा किंवा घाऊक कामाचा फायदा थांबतो. मग खर्च कमी करायचा तर चेहरे सारखे करायचे, आणि चेहरे सारखे केले तर गिऱ्हाइकानं कारखान्याच्या बाहुलीपेक्षा दुप्पट पैसे का द्यावेत, हा प्रश्न.

कराचं एक सांगायला हवं. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्यांना वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही. ऑनलाइन मंचावर विकणाऱ्या लहान विक्रेत्यांनाही १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विक्रीसाठी ही मुभा मिळाली, फक्त पोर्टलवर नाव नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो. बेळगावच्या किंवा इंदूरच्या गिऱ्हाइकाला पाठवलं की ती आंतरराज्य विक्री होते आणि नियम बदलतो. अधिसूचित हस्तकला-वस्तूंना तिथेही सवलत आहे, पण आपली बाहुली त्यात कशी बसते हे एकदा कर सल्लागाराला विचारलेलं बरं.

ज्यांनी चिंध्यांतून मार्ग काढला

२०१८ च्या पुरात केरळमधल्या चेंदमंगलमच्या हातमागांवरच्या साड्या चिखलानं खराब झाल्या. लक्ष्मी मेनन आणि गोपीनाथ पारयिल यांनी त्या जाळू दिल्या नाहीत. धुऊन, निर्जंतुक करून त्यांच्या अंगठ्याएवढ्या बाहुल्या झाल्या, 'चेकुट्टी'. साधारण १३०० रुपयांच्या एका साडीतून ३६० बाहुल्या, प्रत्येकी २५ रुपये, म्हणजे ९ हजार. ही बाहुली दोन मिनिटांत गाठी मारून होते. तिला चेहराही धड नाही. लोकांनी विकत घेतली ती पुराची गोष्ट.

ऑरोव्हिलमधली 'त्सुनामिका' त्याही पुढची. २००४ च्या त्सुनामीनंतर मच्छीमार वस्त्यांमधल्या बायकांनी केलेली ही चिमुकली बाहुली विकतच नाहीत, भेट देतात. खर्च देणग्यांतून निघतो.

या दोन्हींपेक्षा पिंपरी-चिंचवडला जवळचं उदाहरण मध्य प्रदेशातल्या झाबुआचं आहे. तिथल्या आदिवासी पोशाखातल्या, हातात तीरकामठा किंवा डोक्यावर टोपली असलेल्या कापडी बाहुल्या बारीक वेशभूषेसाठी ओळखल्या जातात. त्या करणाऱ्या रमेश आणि शांती परमार या दाम्पत्याला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. 'झाबुआची बाहुली' म्हटल्यावर ग्राहकाच्या डोळ्यासमोर एक चित्र येतं. 'आकुर्डीची बाहुली' म्हटल्यावर अजून येत नाही. देहू आणि आळंदी दोन्ही हाकेच्या अंतरावर असताना, आणि दरवर्षी लाखो माणसं या रस्त्यानं चालत जात असताना, वारकरी बाहुली या गावांच्या नावानं ओळखली जाऊ नये, याचं नवल वाटतं.

इथल्या बायकांना एकत्र येऊन उत्पादन करायची सवय नाही असंही नाही. टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या कामगारांच्या घरातल्या महिलांची गृहिणी सोशल वेल्फेअर सोसायटी १९७०च्या दशकापासून पिंपरीत आहे. मसाल्यांपासून वाहनांच्या वायरिंगपर्यंतची कामं तिथे झाली आहेत. फरक असा की तिथे मागणी शेजारच्या कारखान्याची होती. बाहुलीला असा ठरलेला खरेदीदार नाही.

चेहरा कुणाचा?

'फोटो पाठवा, तुमच्यासारखी बाहुली करून देतो' ही सध्याची लोकप्रिय जाहिरात. आजीची, नवरा-नवरीची बाहुली करायला हरकत नाही. गाजलेल्या कलाकाराची करून घाऊक विकायला आहे. गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या, त्यांच्या गाण्याची नक्कल करणाऱ्या बाहुल्या विकणाऱ्या दुकानांवर त्यांच्या कंपनीनं खटला भरला होता. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. कार्टूनमधल्या पात्रांचे हक्कही कुणाच्या तरी मालकीचे असतात. कारागीर कार्ड असलं तरी हे हक्क माफ होत नाहीत.

अमेरिकेत काय झालं?

अशीच पेचाची वेळ अमेरिकेत आली होती. २००७ मध्ये शिशाच्या रंगामुळे लाखो खेळणी परत मागवावी लागली आणि २००८ मध्ये कडक कायदा झाला. प्रत्येक खेळण्याची बाहेरच्या प्रयोगशाळेत चाचणी. घरी बाहुल्या करणारे ओरडू लागले, कारण चाचणीचा खर्च त्यांच्या वर्षाच्या कमाईएवढा होता. २०११ मध्ये दुरुस्ती झाली. वर्षाला एकाच प्रकारचे ७,५०० पेक्षा जास्त नग न करणाऱ्या आणि ठरावीक उलाढालीच्या आतल्या उत्पादकांना नोंदणी केल्यास बऱ्याच चाचण्यांतून सूट मिळाली. लहान सुट्या भागांची आणि रंगातल्या शिशाची चाचणी मात्र त्यांनाही सुटली नाही.

दोन्ही देशांनी लहान उत्पादकाला वाचवलं, पण मोजमाप वेगळं ठेवलं. अमेरिकेनं विचारलं, किती बनवता? भारतानं विचारलं, तुम्ही कोण? त्यामुळे इथे कार्ड असलेल्या कारागिराच्या बाहुलीची नथ कुणीच ओढून बघत नाही, आणि कार्ड नसलेल्या बाईला महिन्याला दहा बाहुल्यांसाठीसुद्धा कारखान्याचा नियम लागतो. निदान डोळे, मणी आणि शिवण यांची स्वस्त तपासणी प्रत्येक जिल्ह्यात करून मिळाली असती, तर दोन्ही बाजूंची सोय झाली असती. पुण्यासारख्या जिल्ह्यात ओढ-ताण मोजणाऱ्या यंत्रांची तर वानवा नाही. ती चाकणच्या प्रत्येक दुसऱ्या कंपनीत आहेत.

आत्ता बाहुल्या करत असाल तर

पहचान कार्डासाठी अर्ज करा, आणि गटात असाल तर प्रत्येकीचा वेगळा करा. बाळांसाठीच्या बाहुलीवर मणी, बटण, टिकली, सुटा दागिना नको. प्रत्येक डोळा आणि प्रत्येक शिवण ओढून बघा, सुया-टाचण्या मोजून ठेवा. परदेशी पाठवणार असाल तर भारतीय आदेश निर्यातीच्या मालाला लागू नाही, पण घेणाऱ्या देशाचा नियम लागू असतो. पोस्टमध्ये बाहुली कुणासाठी आहे ते लिहा, आणि फोटोही त्याला धरूनच टाका.

आणि विकत घेणार असाल, तर 'दोन वर्षांच्या मुलीसाठी चालेल का?' हे कमेंटमध्ये विचाराच. 'नाही ताई, ही मोठ्यांसाठी आहे, तिच्यासाठी बिननथीची करून देते, आठ दिवस लागतील' असं उत्तर आलं, तर ऑर्डर तिथेच द्या.